मांडीतला स्टेंट वाकतो कसा, आणि वाकताना त्याला पकडायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे सोलापुरात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहेत. वडील यंत्रमागावर काम करतात. त्यांच्या डाव्या मांडीतली धमनी उघडी राहावी म्हणून तिच्यात स्टेंट, म्हणजे बारीक काड्यांची धातूची जाळीदार नळी, बसवला आणि चौदा महिन्यांनी चालताना पोटरीत पुन्हा गोळे यायला लागले. एक्स-रेमध्ये स्टेंट एका जागी तुटलेला दिसतो, पण सीटी अँजिओच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनच्या, रिपोर्टात त्याचा उल्लेखच नाही. मग खरं कोणाचं? पायातला स्टेंट कसा वाकतो, आखडतो, पिळतो हे असल्या तपासण्यांनी मोजता येतं का? आणि यावर प्रोजेक्ट होईल का?

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घरात त्याचीच काळजी चालली असणार. एक्स-रे खरा आहे आणि सीटीही खोटा नाही. या स्टेंटची एक काडी साधारण ०.२ मिलिमीटर जाडीची असते. आपल्याकडच्या नेहमीच्या सीटीचा एक ठिपका (पिक्सेल) बाजूला ०.४ ते ०.७ मिलिमीटर भरतो. त्यातून धातू सीटीत 'फुलतो', म्हणजे आहे त्यापेक्षा जाड आणि चकचकीत दिसतो. केसाएवढी फट त्या चकाकीत बुजून जाते. साध्या डिजिटल एक्स-रेचा ठिपका ०.१५ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणून तुटलेली काडी तिथे दिसते. शिवाय सीटीचा रिपोर्ट लिहिणाऱ्याला विचारलेलं असतं की रक्त पुढे जातंय का. तो तेवढ्याचंच उत्तर देतो.

म्हणजे तुटलाय का हे एक्स-रेला विचारायचं, आकार कसा बदलतो हे सीटीला, आणि रक्ताचं काय चाललंय हे डॉपलरला, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणाऱ्या सोनोग्राफीला. एकाच तपासणीकडून तिन्ही उत्तरं मागितली की गोंधळ होतो. तो डॉक्टरांचाही होतो, माझाही झालाय.

मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहे. वीसेक वर्षं सोलापुरात पायांच्या रक्तवाहिन्या उघडायचं काम करतो. तुमचा प्रश्न इंजिनीअरचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पायाच्या धमनीवर अँजिओप्लास्टी ही हृदयाच्या आधीची गोष्ट आहे. १६ जानेवारी १९६४ रोजी, म्हणजे आपल्याकडे गड्ड्याची जत्रा भरते त्या दिवसांत, अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली अरुंद झालेली धमनी आतून रुंद केली. बोटं काळी पडली होती, पाय कापून घ्यायला त्या तयार नव्हत्या. १९६९ साली डॉटर यांनीच तारेची स्प्रिंग कुत्र्याच्या गुडघ्यामागच्या धमनीत बसवून पाहिली. लक्षात घ्या, स्टेंटची कल्पना पहिल्यांदा आजमावली गेली तीही गुडघ्यामागे, सगळ्यात अवघड जागी. पन्नासेक वर्षं होऊन गेली तरी ती जागा अजून आमच्या पूर्ण ताब्यात आलेली नाही.

ती अवघड का, हे तुम्हाला यंत्राच्या भाषेत सांगतो. जांघेपासून गुडघ्यापर्यंत जाणारी ही धमनी मांडीच्या पुढच्या बाजूने सुरू होते आणि खाली स्नायूंच्या एका बोगद्यातून मागे वळते. जॉन हंटर यांनी १७८५ साली गुडघ्यामागचा धमनीचा फुगा बरा करायला याच बोगद्यात धमनी बांधली, म्हणून त्याला हंटरचा कालवा म्हणतात. तिथून ती गुडघ्याच्या मागे, म्हणजे सांधा ज्या बाजूला दुमडतो त्याच बाजूला येते. दुमडणाऱ्या सांध्याच्या आतल्या बाजूने दोरी नेली तर सांधा मिटताना दोरी सैल पडणारच. धमनीचंही तसंच होतं. तरुण माणसाची धमनी ताणलेल्या रबरासारखी असते, ती आखडून घेते आणि सैलपणा दिसत नाही. साठीला आलेल्या, साखर असलेल्या, तंबाखू खाल्लेल्या माणसाची धमनी चुन्यासारखी कडक झालेली असते. तिला आखडता येत नाही, म्हणून ती नागमोडी होते. अशा धमनीत तुम्ही बारा-पंधरा सेंटिमीटरची धातूची जाळी ठेवली की तो भाग जवळजवळ दांड्यासारखा होतो. सगळा सैलपणा मग दांड्याच्या वर आणि खाली जमा होतो. वाकण्याची जागा बदलते. ती बहुतेक वेळा स्टेंटच्या टोकाला जाते, नाहीतर जिथे दोन स्टेंट एकमेकांवर चढवलेत त्या सांध्याच्या लगेच पुढे.

हृदयाच्या स्टेंटला या गोष्टी सोसाव्या लागत नाहीत असं नाही, पण मांडीत ते प्रमाण वेगळंच आहे. सुरुवातीला वापरलेले फुग्याने फुलवायचे स्टीलचे स्टेंट इथे बाहेरून दाब आला की चेपायचे आणि चेपलेलेच राहायचे. म्हणून नितिनॉल आलं. निकेल, टायटॅनियम आणि ज्या नौदलाच्या प्रयोगशाळेत ते सापडलं त्या नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीची आद्याक्षरं मिळून हे नाव झालं. वाकवलं तर परत मूळ आकारात येतं. आम्हाला वाटलं, सुटलो.

मग २००५ साली जर्मनीतल्या शाइनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांनी काही महागडं केलं नव्हतं. नितिनॉल स्टेंट बसवलेल्या १२१ पायांचे साधे एक्स-रे काढले. सरासरी जेमतेम अकरा महिने झाले होते, आणि ४५ पायांत, म्हणजे ३७ टक्क्यांत, स्टेंट कुठे ना कुठे तुटलेला निघाला. आठ सेंटिमीटरपर्यंतच्या स्टेंटमध्ये हे प्रमाण १३ टक्के होतं, सोळा सेंटिमीटरच्या वर गेलं की ५२ टक्के. लांबी वाढली की मोडणं वाढतं, हे तुम्हाला शिकवायला नको. त्यानंतर स्टेंट बदलले, काड्यांमधले जोड कमी झाले, आज ते प्रमाण तेवढं राहिलेलं नाही. पण त्या अभ्यासाने एक प्रश्न टेबलावर आणून ठेवला तो अजून तिथेच आहे. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर लाखो वेळा वाकवून पास झालेला स्टेंट माणसाच्या पायात वर्षभरात का तुटतो? उत्तर सोपं होतं. यंत्र त्याला जसं वाकवत होतं, तसा पाय त्याला वाकवत नव्हता. पाय कसा वाकवतो हे कोणी नीट मोजलंच नव्हतं.

मोजायचं म्हणजे पाय दुमडलेला असताना आत डोकवायचं. इथे आमच्या धंद्याची एक जुनी सवय आडवी येते. आमची सगळी टेबलं, सगळे प्रोटोकॉल पाय सरळ ठेवून झोपलेल्या माणसासाठी बनवलेत. अँजिओग्राफी पाय सरळ, सीटी पाय सरळ, एक्स-रे पाय सरळ. आणि स्टेंटला सगळ्यात कमी त्रास केव्हा होतो? पाय सरळ असताना.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. विडी घरकुलातून, म्हणजे इथल्या विडी कामगारांच्या वसाहतीतून, एक बाई यायच्या. मधुमेह जुना, दातांना मिश्री. मांडीच्या खालच्या भागापासून गुडघ्याच्या मागे थोडा उतरेल असा स्टेंट मी घातला होता. सहा महिन्यांनी पाय परत जड. डॉपलरवर स्टेंटच्या खालच्या टोकाशी रक्ताचा वेग वाढलेला. एक्स-रे काढला, स्टेंट अखंड आणि छान सरळ. सीटीतही टोकाशी थोडी अरुंद जागा, बाकी काही नाही. मी त्यांना परत परत विचारत होतो, चालता का, किती चालता. एकदाही विचारलं नाही की बसता कशा. शेवटी त्यांनीच सांगितलं. "पाय लांब करून विड्या कोण वळतंय ओ डॉक्टर?" मांडीवर सूप, मांडी घातलेली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्यांना टेबलावर कुशीवर वळवलं, पाय दुमडायला सांगितला आणि बाजूने एक एक्स-रे काढला. स्टेंट तसाच ताठ, आणि त्याचं खालचं टोक धमनीच्या भिंतीत काटकोनासारखं रुतलेलं. स्टेंट मोडला नव्हता, त्याने धमनी मोडली होती. वीस रुपयांच्या फिल्मने जे दाखवलं ते हजारो रुपयांच्या सीटीने दाखवलं नव्हतं, कारण सीटीत पाय सरळ होता. माझी चूक होती. आजही स्टेंट घालण्याआधी मी फुगा फुगवून झाल्यावर गुडघा दुमडून एक शॉट घेतो, तो त्या बाईंमुळे.

आता मोजमापाकडे. या विषयातला मला आवडणारा जुना अभ्यास २००६ सालचा, स्टॅनफर्डच्या चेंग आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी आठ निरोगी माणसांना एमआरआयमध्ये आधी सरळ झोपवलं, मग कुशीवर, गुडघे छातीशी घेऊन, पोटातल्या बाळासारखं. मांडीची धमनी सरासरी १३ टक्के आखडली आणि साधारण ६० अंश पिळली. आखूड होणं समजतं, पण पिळणं? पिळलेलं डोळ्यांना दिसत नाही, साध्या चित्रात तर मुळीच नाही. त्यांनी ते धमनीच्या फांद्यांवरून ओळखलं. सरळ पायात वरची फांदी आणि खालची फांदी एकमेकींशी जो कोन करतात, तो दुमडल्यावर किती बदलला, तेवढा पीळ. युक्ती साधी आहे. आणि त्या तेरा टक्क्यांपुढे अकरा टक्क्यांचा विचलनाचा आकडा होता. म्हणजे माणसामाणसांत प्रचंड फरक. सरासरी घेऊन स्टेंट बनवणाऱ्याने हा दुसरा आकडा जास्त वेळ बघावा असं माझं मत आहे.

एमआरआय निरोगी धमनीला उत्तम. किरणोत्सर्ग नाही, डायही (रक्ताची वाट चित्रात उठून दिसावी म्हणून टोचायचं औषध) टाळता येतो. स्टेंट घातला की मात्र त्याचा उपयोग कमी होतो. नितिनॉल चुंबकाला चिकटत नाही, पण ती जाळी रेडिओ लहरी आत नीट पोचू देत नाही, त्यामुळे स्टेंटच्या आतलं चित्र काळवंडतं. तुमचं काम स्टेंटचं आहे, म्हणून सीटी आणि एक्स-रे.

एक्स-रेवर लांबी मोजण्याचा मोह होईल, स्वस्त आहे म्हणून. सावध राहा. एक्स-रे ही सावली आहे. पाय दुमडला की मांडी टेबलाशी समांतर राहत नाही. समजा स्टेंट फिल्मशी ३० अंश तिरका झाला. ३० अंशांचा कोसाइन ०.८६६, म्हणजे सावली १३ टक्के आखूड. स्टेंट एक मिलिमीटरही न आखडता तुम्हाला चेंग यांचा आकडा मिळेल, आणि तुम्ही खूश व्हाल. अशी चूक प्रोजेक्टच्या अहवालात पकडली जात नाही, कारण उत्तर 'अपेक्षेप्रमाणे' आलेलं असतं. दुसरी अडचण आकार मोठा दिसण्याची. फिल्मपासून जितकं दूर, तितकी सावली मोठी. यासाठी मोजपट्टी म्हणून नाणं ठेवायची पद्धत आहे, दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं. पण नाणं तिरकं झालं की लंबगोल दिसतं. त्यापेक्षा बेअरिंगची गोळी घ्या. यंत्रमागाचे सुटे भाग मिळतात तिथे मिळेल. गोळी कुठूनही बघा, गोलच. कॅलिपरने व्यास मोजा आणि स्टेंट शरीरात ज्या खोलीवर आहे त्याच खोलीवर, गुडघ्याच्या शेजारी चिकटवा. दोन वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रे घेऊन त्रिमितीय आकार काढता येतो. कॅथ लॅबचा सी-आर्म, म्हणजे फिरता एक्स-रे, पायाभोवती फिरवूनही तो मिळतो. पण हातात सीटी असेल तर त्या फंदात पडू नका.

सीटीचं एक गुपित सांगतो, ते फार लोक वापरत नाहीत. स्टेंटचा आकार बघायला डाय लागतच नाही. धातू आपोआप दिसतो. डाय लागतो तो रक्ताची वाट बघायला. वडिलांसारख्या माणसांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) बहुधा काठावर असतं, त्यांना दोनदा डाय देणं योग्य नाही. सरळ पायाचं सीटी अँजिओ तपासणीसाठी होणारच असेल, तर त्यानंतर पाय दुमडून एक साधी, विनाडाय फेरी घ्यायची, फक्त मांडीच्या मध्यापासून पोटरीच्या वरपर्यंत. गुडघा पोटाला लागलेला नसेल तर त्या भागात किरणांना नाजूक असे अवयव नाहीत, मात्रा कमी ठेवली तरी धातू दिसतो.

पाय दुमडायचा कसा, ही खरी कुस्ती आहे. सीटीच्या मशिनचं भोक साधारण ७० ते ८० सेंटिमीटरचं. त्यात माणूस उकिडवा बसवता येत नाही. कुशीवर झोपवून गुडघा पोटाकडे घेता येतो. उताणं झोपवून एक पाय दुसऱ्यावर, मांडी घातल्यासारखा ठेवता येतो. वजन पायावर येत नाही, हे मान्य करूनच पुढे जायचं. घोट्याखाली उशी, मांडीला पट्टा, कारण दुमडलेला पाय थरथरतो आणि थरथरलेलं चित्र मोजण्याच्या लायकीचं राहत नाही. गुडघ्याचा आणि जांघेचा कोन गोनिओमीटरने मोजून लिहून ठेवा. 'दुमडलेला' हे माप नव्हे. चालताना गुडघा साधारण ६० अंश वळतो, खुर्चीवर ९०, उकिडवं बसताना १३० च्या पुढे. आता विचार करा, जगभर स्टेंटचा विचार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा काय असतं? चालणारा आणि खुर्चीवर बसणारा माणूस. आपल्याकडे माणूस जेवायला मांडी घालतो, शौचाला उकिडवा बसतो, मागाखाली अडकलेला धागा काढायला तसाच खाली बसतो, नमाजाला किंवा देवापुढे गुडघे दुमडतो. तुमचा प्रोजेक्ट सोलापुरात करण्यात काही वेगळेपण असेल तर ते इथे आहे, नवं सॉफ्टवेअर लिहिण्यात नाही.

स्कॅन झाल्यावर फिल्म घेऊ नका. सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर डायकॉम, म्हणजे स्कॅनच्या मूळ चित्रांची, फाइल मागा, आणि मागताना 'पातळ काप' असं सांगा, ०.६ किंवा एक मिलिमीटरचे. अनेकदा पाच मिलिमीटरचे काप भरून देतात आणि मूळ डेटा काही दिवसांनी मशिनवरून पुसला जातो. याच कारणाने माझी दोन चांगली उदाहरणं हातची गेली आहेत.

थ्रीडी स्लायसर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात धातूची वरची पातळी धरून स्टेंट वेगळा काढता येतो. तो जाड आणि ओबडधोबड दिसेल. घाबरू नका. तुम्हाला काड्या नको आहेत, मधली रेषा हवी आहे. फुलण्याने जाडी वाढते ती सगळीकडून सारखीच, म्हणून मध्य फारसा हलत नाही. ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असला तरी मध्यरेषा त्याहून बारीक अचूकतेने मिळते. हेच सीटीच्या बाजूचं सगळ्यात मोठं बळ आहे, आणि म्हणूनच ज्याला तुटलेली काडी दिसत नाही तो सीटी वाकणं मात्र छान मोजतो.

मध्यरेषा मिळाली की तिची लांबी मोजा, सरळ पायात आणि दुमडलेल्या पायात. हिशोब दाखवण्यापुरतं उदाहरण घेऊ. १२० मिलिमीटरचा स्टेंट दुमडल्यावर ११२ झाला तर ६.७ टक्के आखडला. वाक मोजताना मात्र पाय घसरतो. वक्रता हे दुसरं अवकलन आहे, प्रत्येक बारीक खाचखळगा ते दहापट करून दाखवतं. रेषा जास्त गुळगुळीत केली तर खरी मोड नाहीशी होते, कमी केली तर नसलेल्या दहा मोडी दिसतात. गुळगुळीतपणा किती ठेवायचा हे मनाने ठरवू नका. घरातली प्लास्टिकची बरणी घ्या, व्यास मोजा, तिच्याभोवती बारीक स्प्रिंग किंवा तारेची जाळी वळवून बांधा आणि त्याच मशिनवर, त्याच सेटिंगवर स्कॅन करा. स्टीलचा डबा नको, धातू चित्र खराब करेल. बरणीची त्रिज्या तुम्हाला माहीत आहे. तुमचा प्रोग्राम तेवढीच सांगतो का बघा. असल्या दोन-तीन बरण्या तुमच्या प्रोजेक्टला जो भरवसा देतील तो कुठलंही रंगीत त्रिमितीय चित्र देणार नाही. शिवाय एकच वस्तू उठवून पुन्हा ठेवून दोनदा स्कॅन करा. दोन मोजमापांत ३ टक्के फरक पडत असेल, तर माणसात सापडलेल्या ५ टक्क्यांवर फार उड्या मारता येणार नाहीत.

पीळ मोजायला स्टेंटवर सोय असते. अनेक स्टेंटच्या दोन्ही टोकांना टँटलमचे ठिपके बसवलेले असतात, एक्स-रेत उठून दिसावेत म्हणून. वरच्या टोकाचा ठिपका आणि खालच्या टोकाचा ठिपका यांच्यातला कोन सरळ आणि दुमडलेल्या स्थितीत काढला की पीळ मिळाला. एक खाच आहे. वळणाऱ्या रेषेवर कोन मोजताना पुस्तकातली फ्रेने चौकट (रेषेच्या वळणावरून दिशा ठरवणारे अक्ष) वापरलीत, तर रेषा जिथे सरळ होते तिथे ती उलटीपालटी होते आणि १८० अंशांचा खोटा पीळ दिसतो. रेषेबरोबर न फिरवता पुढे सरकवत नेलेली समांतर चौकट वापरा. तुमच्या गणिताच्या सरांना विचारा, त्यांना आनंद होईल.

चेपण्याबद्दल थोडक्यात. स्टेंटचा आडवा छेद गोलाचा लंबगोल होतो. इथे फुलणं मध्ये येतंच. खरा छेद ४ बाय ६ मिलिमीटर असेल आणि प्रत्येक बाजूला अर्धा मिलिमीटर फुगला तर दिसतो ५ बाय ७. गुणोत्तर ०.६७ चं ०.७१ झालं. म्हणजे सीटी स्टेंटला आहे त्यापेक्षा गोल दाखवतो. चेपणं कमी वाटलं तर निर्धास्त होऊ नका.

आता तुमचं शास्त्र. आखडणं, वाकणं, पिळणं, चेपणं हे सगळं स्टेंटच्या बाहेरच्या आकाराचं झालं. तुटतो तो काडीच्या एखाद्या कोपऱ्यात. सहा मिलिमीटर व्यासाची नळी २० मिलिमीटर त्रिज्येवर वळवली तर बाहेरच्या कडेला ३ भागिले २०, म्हणजे १५ टक्के ताण. भरीव नळी असती तर. जाळीत तो काड्यांच्या उघडझापीत वाटला जातो, प्रत्यक्ष धातूला त्याचा थोडाच भाग सोसावा लागतो. किती, ते फायनाइट एलिमेंटने, म्हणजे वस्तूचे बारीक तुकडे पाडून संगणकावर केलेल्या गणिताने, काढायचं, आणि त्या गणिताला कडेच्या अटी म्हणून सीटीतून मिळालेला आकार द्यायचा. पेल्टन आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या कामात नितिनॉल साधारण ०.४ टक्के आलटून-पालटून ताणापर्यंत एक कोटी फेऱ्या टिकतं असं दिसलं होतं. एक कोटी का? एका पायाची वर्षाला दहा लाख पावलं धरली तर दहा वर्षांची तेवढी. पण पावलाने येणारा ताण छोटा. वडील दिवसातून तीस वेळा खाली बसून उठत असतील तर वर्षाला अकरा हजार फेऱ्याच होतात, प्रत्येक फेरी मात्र मोठी. लहान फेऱ्यांच्या ढिगात या मोठ्या फेऱ्या मिसळल्या तर काय होतं, हे काढायला तुम्हाला धातूच्या थकव्याचा हिशोब येतो, मला येत नाही. म्हणून तुमच्यासारख्या मुलांनी इकडे यावं असं वाटतं.

जाता जाता एक गोष्ट. सुपेरा नावाचा स्टेंट नळी कापून केलेला नसतो. नितिनॉल तारांच्या सहा जोड्या एकमेकींत विणून तो बनवतात. साखर पेठेतल्या एका म्हाताऱ्या विणकराच्या हातात मी नमुना दिला. त्यांनी तो ताणला, दाबला, वाकवला आणि म्हणाले, "ह्यो तर विणलाय. ह्यो तुटायचा नाही, पण ओढून बसवला तर विरळ होणार." सुपर्ब नावाच्या चाचणीत वर्षभरात एकही स्टेंट तुटलेला सापडला नाही, आणि ओढून लांब बसवलेले स्टेंट जास्त बंद पडले. विणकराला दोन मिनिटं लागली. म्हणून तुमच्या मोजमापात एक रकाना ठेवा, स्टेंटची डब्यावर लिहिलेली लांबी आणि पायात बसल्यावर सरळ पायातली लांबी. हा फरक दुमडण्याच्या आधीचा आहे आणि बऱ्याचदा तोच विसरला जातो.

प्रोजेक्टबद्दल एक अट. केवळ प्रोजेक्टसाठी कुणालाही जास्तीचा स्कॅन नको. ज्याची तपासणी होणारच आहे त्याच्याकडे लेखी संमतीने, आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन. त्यासाठी एखादे डॉक्टर मार्गदर्शक म्हणून लागतीलच. सुरुवात मात्र बरण्यांपासून आणि वडिलांच्या आधीच झालेल्या सीटीपासून करा. त्याला कोणाची हरकत नाही, वडिलांची सोडून.

आणि वडिलांचं. तुटलेला स्टेंट हेच बंद पडण्याचं कारण असेल असं धरून चालू नका. तुटूनही उघडे राहिलेले आहेत, अखंड राहून बंद पडलेले कितीतरी. एखादी काडी तुटणं आणि स्टेंटचे दोन तुकडे होऊन सरकणं यात फार फरक आहे. एक्स-रे परत बघताना तो फरक विचारा. पोटरीकडे उतरणाऱ्या तीन नळ्यांपैकी किती उघड्या आहेत, साखर कशी आहे, तंबाखू सुटली का, याही गोष्टी तितक्याच मोठ्या. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्वस्थ पडून असतानाही पाय थंड पडला, रात्री झोपेतून उठवेल असं दुखलं किंवा बोटावर जखम दिसली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी गाठा.

पुढच्या तपासणीला डॉपलर करताना एवढंच सांगा, पाय सरळ ठेवून झाल्यावर गुडघा दुमडून खालच्या टोकाशी पुन्हा एकदा प्रोब लावा म्हणून. पाच मिनिटांचं काम आहे. त्याआधी एक दिवस घरी बसून वडील दिवसभरात कितीदा, कसे बसतात ते वहीत मांडा. माझ्याकडे याल तेव्हा सीडीबरोबर ती वहीही आणा.